पेशी काही चिकटेनात

त्या काळी मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत हाडं छापत असे. वाटूरला, आमच्या गावी, कुणी विचारलं की माझे वडील एवढंच सांगत, आणि ऐकणाऱ्याला वाटे, पोरगा लग्नपत्रिकांच्या छापखान्यात लागला. खरं काम असं : हाडाचा तुकडाच गेला असेल तिथे बसवायला विरघळणाऱ्या प्लास्टिकची जाळी यंत्रातून थरावर थर देत छापायची. त्या जाळीवर हाडाच्या पेशी वाढतात, हाड भरून येतं आणि जाळी हळूहळू विरघळून जाते. पण माझी जाळी इतकी गुळगुळीत निघायची की पेशी तिच्यावर टिकतच नसत. मग गिलाव्याआधी भिंतीला टाचे मारतात तशी ती खरबरीत करायची, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून. सोडा कमी पडला की पेशी घसरायच्या, जास्त झाला की जाळीचाच भुगा. मी पार वैतागलो होतो.

लग्नाचंही तेच. कुठलंच स्थळ टिकेना. आई म्हणायची, "पुण्याला जाऊन लई गुळगुळीत बोलून राह्यला तू. मानसाला धरायला जागाच न्हाई."

मग तीर्थपुरीचं स्थळ आलं. मुलगी पोहे घेऊन बाहेर आली, तिनं माझ्या पायातले दोन वेगवेगळ्या रंगांचे मोजे पाहिले आणि ओठ दाबून हसू आवरत ती आत गेली. माझा निकाल तिथेच लागला. हे स्थळ काही झालं तरी हातचं जाऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं आणि होती नव्हती तेवढी शुद्ध मराठी बाहेर काढली. एरवी 'सेल' म्हणणारा मी, त्या दिवशी 'पेशी' म्हणू लागलो.

आमच्याकडे पेशी म्हणजे कोर्टात हजर राहायचा दिवस, हे मी पुण्यात विसरून बसलो होतो. आणि मुलीच्या वडिलांचा भावकीशी बांधावरून दावा चालू होता, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"सध्या काय चालू हाय?" त्यांनी विचारलं.

"सध्या सगळं पेशींवर अडलंय."

ते सावरून बसले. "पेशी? कदीपासून?"

"तीन वर्षं झाली."

"तुमच्या एकट्याच्याच?"

"छे, आधी उंदरांच्या होत्या. आता माणसांच्या घेतल्यात."

त्यांनी माझ्या वडिलांकडे पाहिलं. वडील पोह्यातले शेंगदाणे वेचून खाण्यात गुंग होते.

"अन् घरात अजून कुनाच्या हायेत?"

"सगळ्यांच्याच असतात, मामा. तुमच्याही आहेत."

"माझी एकच हाय!" मामा कडाडले. "तीबी बांधाची. भावकीनं लावली, आपली चूक बिलकुल न्हाई! पाव्हणे, तुमचं पोरगं उंदरापायी कोर्टात जाऊन राह्यलं अन् तुमी इथं बसून शेंगदाणे खाऊन राह्यले?"

आता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. शुद्ध मराठीनं तिथल्या तिथे मान टाकली. "अवो मामा, कोर्टाची पेशी न्हाई वो! अंगातली, जित्ती पेशी! म्या कोर्टाचं तोंडबी न्हाई पाह्यलं, आईशप्पथ!"

आतून खळखळून हसण्याचा आवाज आला. मग माझ्या शेजारी बसलेली आई हसली, वडिलांना शेंगदाण्याचा ठसका लागला. शेवटी मामाही हसले. मग मी आमच्याच बोलीत सगळं सांगितलं, जाळीपासून सोड्यापर्यंत. इतका मोकळा मी कित्येक दिवसांत बोललो नव्हतो.

मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. "मंग ती जाळी इरघळल्यावर मानूस कशावर उभा राह्यतो?"

"तवर त्याचं सोताचं हाड झालेलं असतं. तितके दिवस आधार द्यायचा, मंग जाळीनं गुमान निघून जायचं."

 मामा मुलीकडे न बघता म्हणाले, "मंजे बापाचंच काम झालं की हे." त्यांनी खिशातली दस्ती काढून डोळे पुसले. मला एकदम त्यांची फार माया आली.

त्यांनी त्याच दस्तीत नाक शिंकरलं आणि ते माझ्या वडिलांकडे वळले.

"पाव्हणे, पेशी झाली. आता तारीख काढा."