आभार प्रदर्शनासाठी मेश्राम सर

आज मी एका मेलेल्या माणसाले माइकवर बोलावलं.

दुपारपासून तेच डोक्यात फिरून राहिलं. चांगलं झालं का वाईट, मले अजूनही समजून नाही राहिलं.

मेश्राम सर गेले. परवा सकाळी, भिलाई-३ च्या घरी. काकूंनी समोर चहा ठेवला, सर खुर्चीत बसले ते बसलेच. कप तसाच भरलेला.

आज युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये त्यांची शोकसभा होती. सूत्रसंचालन माझ्याकडे. नेहमीसारखंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सर इकॉनॉमिक्स शिकवायचे, पण आमच्यासाठी सर म्हणजे आभार प्रदर्शन. कोणाचं व्याख्यान असो, लोकनृत्य असो, शेवटी माइक सरांकडे. रिटायर झाल्यावरही स्कूटर घेऊन हजर.

आणि आभार म्हणजे काय, अख्खं दुसरं व्याख्यान!

आधी वक्ते, मग व्हीसी सर, मग माइकवाले, दऱ्या अंथरणारे, गुलदस्त्याले फुलं देणारा माळी, कँटीनचे साहूजी. "और बिजली विभाग का आभार, जिन्होंने आज हम पर कृपा की!"

पाहुणे घड्याळ पाहत. पोरं मागून ओरडत, "सर उठले, समोसे परत गरम करा रे!"

शेवटचं वाक्य ठरलेलं. "चाय पिए बिना कोई नहीं जाएगा."

माझ्या पहिल्या संचालनाले आई सेक्टर ६ मधून नवी साडी नेसून आली होती. शेवटच्या रांगेत लपून बसली. सरांनी हुडकून काढलं आणि माइकवरून मराठीत तिचे आभार मानले.

"या पोरीले बोलायले शिकवलं त्या माउलीचे आभार. घरी किती बोलते, ते त्याच सांगतील."

अख्खा हॉल हसला. मले जमिनीत जावंसं वाटलं. आई अजून ते येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगते.

असो. आजचं सांगते.

खुर्चीवर सरांचा फोटो, फोटोले हार. सगळे बोलून झाले. शोकसभेत आभार नसतात, हे मले माहीत आहे हो! शेवटी दोन मिनिटं मौन, बस. तेच म्हणायचं होतं.

पण इतकी वर्षं एकच वाक्य म्हणत आली ना. जीभ आपली आपण चालली.

"और अब आभार प्रदर्शन के लिए मैं सादर आमंत्रित करती हूँ, हमारे आदरणीय मेश्राम सर को।"



आणि खरं सांगू? लोकांनी वळून पाहिलं. सर नेहमी बसायचे त्या कोपऱ्यातल्या खुर्चीकडे. व्हीसी सरांनीही.

 माफी मागायले मी माइक परत तोंडाजवळ नेला.

तेवढ्यात काकू उठल्या. सरांच्या मिसेस. आजवर एकाही कार्यक्रमाले आल्या नव्हत्या. मले वाटलं, संपलं. आता या उठून घरी जाणार, आणि ते माझ्यामुळं.

काकू स्टेजवर आल्या. माझ्या हातून माइक घेतला.

"ह्यायले बोलावलं तुम्ही. हे तर येऊ शकत नाही. म्हणून मी आली. मले हिंदीत नाही जमत, मराठीतच बोलतो."

आणि सुरूच झाल्या! वक्ते, व्हीसी सर, माइकवाले, दऱ्या, माळी, साहूजी. एक नाव इकडचं तिकडं नाही.

"बिजलीवाल्याइचे आभार, आज लाइन नाही गेली."

मागून कोणी तरी फस्सकन हसलं. 

"हे घरी बोलून पाहत. मी पोळ्या लाटू, हे मागं उभे राहून आभार मानत. मलेही पाठ झालं सारं."

मग फोटोकडे पाहिलं त्यांनी.

"घरी शेवटी एक नाव जास्तीचं राहे. माझं. मी म्हणू, तिकडे घेता का हे नाव? तर म्हणत, नाही वो, लोक हसतील."

"तर आज मीच घेतो. सुमन मेश्रामचे आभार."

कोणी हसलं नाही.

"चहा पिल्याबिगर कोणी जायचं नाही." माइक माझ्या हातात देऊन काकू जागेवर जाऊन बसल्या.

अर्ध्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, अर्ध्यांनी टाळ्या वाजवणाऱ्यांकडे डोळे वटारले. मौन राहूनच गेलं होतं. मी घाईघाईत जाहीर केलं, तोवर काही लोक दाराशी पोचलेले. झालं का नाही, कोणालेच समजलं नाही.

बाहेर साहूजी केटली घेऊन उभे. शोकसभेत चहा ठरलाच नव्हता! "मैडम, स्पीकर पर चाय सुनाई दिया, तो मैंने चढ़ा दी."

आता प्यायचा का नाही? सगळे कप धरून एकमेकांकडे पाहून राहिलेले. एक मोठे साहेब माझ्याजवळ आले, "मैडम, ये क्या था?"

"पता नहीं, सर."

खरंच पता नहीं.

मी काकूंजवळ गेली. "काकू, माफ करा. चुकून निघून गेलं तोंडातून."

काकूंनी चहावर फुंकर मारली. "माफी कायले? ह्यायचं आभाराचं भाषण आज होते का नाही, हेच पाहून राहिली होती मी."

मग हळूच म्हणाल्या, "तू नाव घेतलं न, तवा साऱ्यांसंग मीबी वळून पाहिलं त्या कोपऱ्यातल्या खुर्चीकडे. वाटलं, उठतात आता."

आणि रडायले लागल्या. मीही.

आता तुम्हीच सांगा. एका क्षणापुरती का होईना, त्या बाईले आशा लावली मी. हे चांगलं केलं का वाईट?

घरी येऊन आईले विचारलं. ती चहा ठेवायले उठली.

सर, तुमच्या इतक्या आभारांत अजून एक नाव कधीच आलं नाही. आभार मानणाऱ्याचं. तुमचं बोलणं झालं की लोक चहाकडे पळत.

संचालन माझ्याकडेच आहे, म्हणून मीच म्हणते. आदरणीय मेश्राम सर, तुमचे आभार.

साऱ्या भिलाईले चहासाठी थांबवलं तुम्ही. आणि स्वतःचा कप तसाच ठेवून गेले.

जय भीम, सर.