सोयरूबाबांचं गंगावन

पेडण्याच्या कचेरीत मी रुजू झाले त्या दिवशी साहेबांच्या खुर्चीच्या पाठीवर एक लांबलचक वेणी वाळत घातलेली होती. मी दारातच थबकले. साहेब, म्हणजे सोयरू गावकर, फायलीतून मान वर न करता म्हणाले, "भियेव नाका, बाय. माणूस ना तिका. गंगावन तें."

ते त्यांनी डिचोलीच्या बाजारातून आणलं होतं. बॅगेत पहिल्यांदा सापडलं तेव्हा बायकोने दोन दिवस अबोला धरला, हेही ते खुशीत सांगत. मोपाला विमानं उतरायला लागली आणि आमच्याकडे पर्यटकांसाठी जागोजागी पोहण्याचे तलाव होऊ लागले. ते तपासून दाखला द्यायचा, हे आमचं काम. कुंपण, शिडी, खोलीचे आकडे सगळेच बघतात. सोयरूबाब मोटर चालू करायला लावत आणि बांबूच्या टोकाला गंगावन बांधून तळाच्या जाळीपाशी सोडत. त्या जाळीतूनच मोटर पाणी ओढते. गंगावन सुटून वर आलं तर दाखला, जाळीने धरून ठेवलं तर नाही.

"केस आत गेले की माणसाक वयर काडूक दोन पैलवान पुरनात," ते म्हणत. एका मालकाने सांगितलं, आमच्याकडे नुसते पुरुषच येतात. "मग भायर पाटी लावा, शेंडी आसल्यार उतरू नये," असं म्हणून सोयरूबाबांनी फाईल मिटली.

तरुणपणी ते खाणीवर पंप चालवायचे. खड्ड्यातलं पाणी उपसता उपसता पाण्याचा स्वभाव त्यांना कळला होता. "पाणी कोणाचो सोयरो न्हय" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आम्ही पाठीमागे म्हणायचो, नाव सोयरू, पण हा बाबाही कोणाचा सोयरा नाही.

अशा माणसाच्या टेबलावर एक दिवस त्यांच्या व्याह्यांचीच फाईल आली. एकुलती एक लेक वर्षा, तिचं लग्न होऊन जेमतेम चार महिने झालेले. सासऱ्यांनी घरामागे पाहुण्यांसाठी खोल्या आणि तलाव बांधला होता. दुसऱ्या दिवशी उद्घाटन. "हें तू बघ," सोयरूबाब मला म्हणाले. "माजी नदर नाका. जें दिसतलें तेंच कागदार बरय." ते जीपमध्ये फाटकाबाहेरच बसून राहिले.

मी आत गेले. विहीणबाईंनी मला पाटावर बसवलं. "पयल्यांदाच आयलीस, तशीच कशी वतलीस?" म्हणत हळदकुंकू लावलं, नारळ, तांदूळ आणि खणाने माझी ओटी भरली. लाच कशी नाकारायची हे मला ठाऊक होतं. ओटी कशी नाकारतात, हे कोणी शिकवलं नव्हतं. त्यानंतर मी तलावावर गेले. गंगावन जाळीला अडकलं. मी हिसका दिला तेव्हा सुटलं. सुटलं ना, असं मनाला समजावून मी कागदावर 'ठीक' लिहिलं.

जीपमध्ये सोयरूबाबांनी कागदाकडे पाहिलंही नाही. गंगावन हातात घेऊन त्याचं टोक चाचपलं. अर्धे केस तुटून गेले होते. ते उतरले, आत गेले, स्वतः मोटर बंद केली आणि माझ्या 'ठीक'वर काट मारून खाली लिहिलं, 'जाळी बदलेपर्यंत दाखला नाही.'

व्याही संतापले. मांडव घातलेला, पाहुणे आलेले. "नांव सोयरू आणि सोयरिकेची लज ना तुमकां!" मुलीचा बाप हात जोडून उभा होता. "लज आसा म्हणूनच बरयलें, व्याहीबाब," एवढंच तो बोलला. वर्षा दारात उभी होती, तिने मान खाली घातली.

जाळी दोन महिन्यांनी बदलली, राग मात्र राहिला. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला माहेरहून मुलीकडे वजें जातं, फळं, लाडू, खाजं. सोयरूबाबांचं वजें टेम्पोतून तसंच परत आलं. आमच्याकडे याहून मोठा अपमान नाही. त्यांनी लाडवांचे डबे कचेरीत आणून टेबलांवर मांडले. "खायात. वायट जातले," म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी हातातला लाडू परत डब्यात ठेवला. त्या दिवशी मीच खरं लिहिलं असतं, तर दोष परक्या बाईच्या माथी गेला असता. माझ्या भिडेची किंमत ते मोजत होते, आणि मला एका शब्दाने बोलले नाहीत.

निवृत्तीनंतर वर्षभरात ते झोपेतच गेले. बाराव्याला मी मयेला त्यांच्या घरी गेले. व्याही ओसरीवर बसले होते, वर्षाला घेऊन आलेले. वर्षाने मला मागच्या दारी नेलं आणि माझे दोन्ही हात धरले.

"बाई, एक गजाल सांगूची आसा. त्या दिसा सकाळी मीच पपांक फोन केलेलो. मोटर चालू आसताना पाण्यात उतरल्यार पाय ओढता, म्हणून. माजें नांव घेव नाकात म्हटलेलें. घेतलें नाय त्यांनी, मरेपर्यंत." तिने डोळे पुसले. "पपा म्हणाले, दोष त्या बाईनच पकडलो, मी फकत सही केली. तुमचे उपकार जाले."

मी तिला सगळं सांगितलं, ओटीचं, हिसक्याचं, 'ठीक'चं.

"पपा केन्नाच खोटें सांगी नासले," ती म्हणाली. "एकदाच सांगलें, तेंय तुमच्यासाठी. आतां तें खरें करा."