अक्कांची डाळ आणि आमचे गुडघे

सुमनअक्कांना पंचाहत्तरावं लागलं, त्यानिमित्त दोन गोड शब्द लिहा, असं गौरवांकाच्या मंडळाने मला सांगितलं आहे. गोडाची हमी मी देत नाही.

आमची पहिली भेट मेहरूण तलावाच्या काठावर झाली. मी सुजलेले पाय घेऊन बाकावर बसले होते. त्याआधी घरात पडले होते. हाड मोडलं नव्हतं, पण उठताच येईना. संध्याकाळी शेजारीण डोकावेपर्यंत फरशीवरच होते. तेव्हापासून मुलगा एकच धोशा लावून होता, जळगावचं घर बंद कर आणि पुण्याला ये. मला माझं घर सोडायचं नव्हतं. अक्कांनी हे सारं पाच मिनिटांत माझ्याकडून काढून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांच्या व्यायामवर्गाला हजर राहायला सांगितलं. डॉक्टरांना विचारून या, हेही त्यांनीच बजावलं. डॉक्टर नको म्हणतील ही माझी आशा फोल ठरली.

अक्का धुळ्याकडच्या, शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या. निवृत्ती त्यांना मानवली नाही, त्याची शिक्षा आम्ही बाराजणी भोगतो. हात न टेकता खुर्चीवरून उठा, टाचा उचला, पुन्हा उचला. पाय दुखतात म्हटलं की त्या विचारणार, मोटर बंद ठेवून केळीला पाणी पोचतं का? पोटऱ्या हलल्या नाहीत तर रक्त वर चढणार कसं?

उचलायला वजनं हवीत म्हणून त्यांनी जुन्या लुगड्याच्या पिशव्या स्वतः शिवल्या आणि पदरची तूरडाळ भरून आम्हाला वाटल्या. इथे मात्र त्या चुकल्या. पाहुणे आले की आम्ही पिशवी उसवायचो. माझी निम्मी झाली, तेव्हा ताकद वाढल्यामुळे हलकी लागते, असं मी ठोकून दिलं. अक्कांनी ती हातावर तोलली.

"ताकद नही वाढनी, दाय कमी व्हयनी."

पुढच्या सोमवारी सगळ्या पिशव्यांत वाळू होती.

सर्वांत छळवादी धडा फरशीवरून उठण्याचा. कूस, गुडघा, मग पाय. एकदा मला जमेचना. रडकुंडीला येऊन मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही.

"तुना घरमा कोन शे हात धराले?"

इतका राग मला उभ्या संसारात कोणाचा आला नव्हता. मग त्या माझ्या शेजारी फरशीवर बसल्या आणि मला जमेपर्यंत, त्या वयात, माझ्यासोबत उठत-बसत राहिल्या.

गेल्या श्रावणात मी पुन्हा पडले. घरात कोणी नाही, फोन ओट्यावर. देवाचं नाव घ्यावं, तर तोंडातून निघालं, कूस, गुडघा, पाय. उठले. चहा टाकला. मुलाला फोन करून सांगितलं की मी येत नाही. मग पोटभर रडले.

अक्कांना निरोगी शंभर वर्षं लाभोत, हे मी मनापासून मागते. ती सगळी वर्षं सकाळी सातला हजर राहावं लागेल हे ठाऊक असूनही. सत्काराच्या दिवशी आम्ही बाराजणी त्यांच्या पाया पडणार आहोत. त्या डोक्यावर हात ठेवतील, पण नजर गुडघ्यांवर असेल. उठताना जी जमिनीला हात टेकेल, तिला त्या पुन्हा पाया पडायला लावतील.