पाण्याच्या नळाशी थांबलेलं डिझेल

डिझेल शेडच्या फाटकाशी चौथऱ्यावर मालगाडीचं एक जुनं डिझेल इंजिन उभं आहे. पुढे लांबलचक नाकाड आणि पार मागच्या टोकाला ड्रायव्हरची खोली. आमचे शेजारी, निवृत्त ड्रायव्हर दत्तूकाका, दर खंडेनवमीला त्याची पूजा करतात. यंदा मीही सोबत गेलो.

काकांची निम्मी नोकरी कोळशाच्या इंजिनावर गेलेली. हे डिझेल हाती आलं, त्या पहिल्याच दिवशी घाटाखालच्या स्टेशनात त्यांनी सवयीने, वाफेची इंजिनं पाणी भरत त्या नळाशी गाडी उभी केली. स्टेशनमास्तर धावत आले. "अहो, सिग्नल दिलाय! थांबलात कशाला?"

"पाणी भरायला," म्हणाले काका, आणि स्वतःच हसत सुटले.

मग भरलेल्या वाघिणी ओढत इंजिन निघालं ते थेट घाटमाथ्यावर. "वर पोचून उतरलो, तर माझा सदरा सकाळइतकाच पांढरा, काजळीचा डाग नाही!" हे सांगताना काकांची छाती आजही फुगते.

नवं बळ हाती येतं, पण जुनी तहान आपल्यातच राहते, असं मला वाटून गेलं.

काकांनी हार घातला, नारळ फोडला आणि त्याचं पाणी चाकावर ओतलं.

"घे राजा," ते म्हणाले, "त्या दिवशीचं राहिलं होतं."