शंकराची तुळस

ऐंशीच्या दशकात, टेंभी नाक्याजवळच्या रोपवाटिकेत, ओल्या शेवंतीच्या गंधात मी त्याला पाहिले. स्वतः उन्हात उभ्या त्या वृद्धाने छत्री कुंडीवर धरली होती. कुंडीत उघडउघड भांग होती.

"तुळस पिवळी पडतेय," तो रोपे विकणाऱ्या कोळणीला म्हणाला. "शिवरात्रीपर्यंत जगायलाच हवी."

"तुळशीला पंजासारखी पानं कधीपासून, आजोबा?"

"शंकराची आहे," तो निर्विकारपणे उत्तरला.

कुंडीत मातीऐवजी नारळाचा भुसा होता. तिने चिमूटभर जिभेवर ठेवला आणि थुंकली. "मिठागर झालंय! नारल कुठले?"

"नारळी पौर्णिमेला तुम्ही खाडीत सोडलेले. वाहत काठाला आले, मी सोलले."

"दर्याचा नारल उचललात, आता भोगा! अन् घोटघोट पाणी काय पाजताय? भरपूर गोडं पाणी ओता, खालून निथळू द्या. खार निघून जाईल."

त्याने भक्तिभावाने हात जोडले. तिला नव्हे, कुंडीला.

शिवरात्रीला तो देवळाच्या पायरीवर दिसला. डोळे तांबूस, चेहऱ्यावर चांदणे.

"तुळस कशी आहे?" मी विचारले.

"सकाळीच घोटली," तो कृतार्थ हसला. "आता तिच्याऐवजी मी डोलतोय."