गेटवरची नळी

बस डेपोच्या गेटवर माझी खुर्ची असते. पहाटे ड्रायव्हर आला की मी दारू तपासायच्या मशीनला नवी नळी लावतो. तो फुंकतो, आकडा शून्य आला की रजिस्टरात शून्य लिहायचं आणि गाडीची किल्ली द्यायची. सगळे मला नळीसाहेब म्हणतात. म्हणोत बापडे! अकरा वर्षांपूर्वी मीही ड्रायव्हर होतो आणि पिऊन गाडी भिंतीत घातली होती. गाडी रिकामी होती म्हणून वाचलो. तेव्हापासून दर मंगळवारी संध्याकाळी दारू सोडलेल्यांच्या मीटिंगला जायचो. डेपोत कुणाला पत्ता नव्हता.

आमच्याकडे एक ड्रायव्हर होता, हळूभाऊ. बावीस वर्षांत त्याच्या गाडीला ओरखडा नाही. इतकी हळू चालवायचा की प्रवासी वैतागायचे, "अहो, चालत निघालो असतो तर एव्हाना पोचलो असतो!" हा आरशात बघून हसायचा, "मग उतरा की! कुणी धरून ठेवलंय?"

एका पहाटे त्याचा आकडा शून्य आला नाही. मी मशीनकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. त्याचं तोंड एवढंसं झालं.

"दादा, घरी हिला कळू देऊ नका. हात जोडतो."

मी शून्य लिहिलं आणि पोटदुखीच्या नावावर त्याला घरी पाठवलं. एकच अट घातली, मंगळवारी माझ्याबरोबर यायचं. नियमात बसत नव्हतं, पण मलाही कुणीतरी असंच नेलं होतं.

मीटिंग एका दातांच्या दवाखान्यात भरते, मंगळवारी तो बंद असतो. तीन-तीनच्या जोडलेल्या खुर्च्या, भिंतीवर किडलेल्या दाढेचं चित्र. चालवतात ते मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले. जिन्यातच मी हळूभाऊला म्हटलं, "इथं बोललेलं या दाराबाहेर जात नाही. शब्द देतो."

चार मंगळवार हा तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. पण येत होता. त्याच्या बायकोचा मला फोन आला, "भावजी, महिना झाला, घरात बाटली नाही हो. तुमचे उपकार कसे फेडू?" मी आपला फुशारलो.

पाचव्या मंगळवारी तो उभा राहिला.

"मी पितोय," तो म्हणाला. "पहाटे कोरडा येतो, फुंकतो, किल्ली घेतो. दुपारी शेवटच्या स्टॉपवर गाडी वीस मिनिटं थांबते, तेव्हा पितो. पाण्याच्या बाटलीत असते. परतीला शाळेची पोरं चढतात. लोक हळूभाऊ म्हणून हसतात, पण मला समोर दोन रस्ते दिसतात. कुठला खरा ते कळेपर्यंत मी हळू जातो. कित्येक वर्षं असंच चाललंय."

आणि तो लहान पोरासारखा रडला. मास्तरांनी उठून त्याला जवळ घेतलं. "आज तू खरा आलास," म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात काही हलेनात.

त्याला तिथंच जिन्यात थांबवून 'उद्यापासून रजा टाक' असं म्हणता आलं असतं. नाही सुचलं. घाबरलो होतो हो, डोळ्यांपुढे नुसती दप्तरं येत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन घेऊन मी शेवटच्या स्टॉपवर उभा. तो केबिनमध्ये डबा उघडून बसला होता, बाटली मांडीवर. मशीन बघितल्यावर सगळं समजला. भांडला असता, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं गुपचूप फुंकलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

"जन्मात पहिल्यांदा खरं बोललो होतो, दादा," एवढंच म्हणाला.

पोरं दुसऱ्या गाडीनं सुखरूप घरी गेली. या वेळी मी रजिस्टरात खरा आकडा लिहिला आणि त्याची नोकरी गेली. मी घरी भेटायला गेलो तर वहिनींनी आत या म्हटलं नाही. दारातूनच म्हणाल्या, "तुम्ही त्यांना तिथं न्यायलाच नको होतं." तो आता घरातच पितो, दिवसाढवळ्या.

मीटिंगमध्येही बातमी पोचली. मी खुर्चीत बसलो की लोक गुडघेदुखीवर आणि उकाड्यावर बोलायला लागायचे. शेवटी मास्तरांनी मला बाजूला घेतलं. "तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मीही कदाचित तेच केलं असतं. पण तुमच्यासमोर आता कुणाचं तोंड उघडत नाही. येऊ नका." अकरा वर्षांत पहिल्यांदा माझी मंगळवारची संध्याकाळ मोकळी आहे. मला तिची भीती वाटते, खरंच सांगतो.

हळूभाऊ मात्र रोज पहाटे गेटवर येतो. अंगात तोच खाकी शर्ट, बिल्ला नाही. ड्रायव्हरांच्या रांगेत उभा राहतो. ते खिदळतात, मी त्यांच्यावर खेकसतो. त्याची पाळी आली की मी नळी बदलतो आणि तो जीव लावून फुंकतो. आकडा सांगण्यासारखा नसतो.

"शून्य लिहा ना, दादा. तेव्हा लिहिलं होतंत."

"घरी जा रे बाबा," मी म्हणतो.

आज मात्र तो हलेना. "मंगळवार आहे ना आज? जायचं आपण?"

"तू जा. तुला घेतील ते."

"जाऊन काय बोलू?" त्यानं माझ्याकडे बघत विचारलं. राग नव्हता, खरोखर विचारत होता.

मागे रांग खोळंबली होती. मी मशीनला नवी नळी लावली आणि पुढच्याला बोलावलं.