शाकाहारी पातेलं

मुक्ताच्या हातातला डाव मेधाताईंनी अलगद काढून घेतला. अगदी प्रेमाने. म्हणाल्या, "तू त्या पलीकडच्या पातेल्यात कर ना बाळा. हे शाकाहारी मुलांचं आहे. तुमच्यात काय, सगळंच चालतं."

मुक्ता माझी मुलगी. सोळा वर्षांची. जन्म जर्मनीतला, आणि बरेच दिवस झाले, ती व्हीगन आहे. दूध नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही. माझ्या वाढदिवसाचा केक तिच्यामुळे विटेसारखा झाला होता आणि मी तो हसतमुखाने खाल्ला होता. आणि इकडे हे चाललं असताना मेधाताईंचा मुलगा ईशान बाहेर गच्चीत बसून समुद्रातली तळलेली माकुळं खात होता. वर लिंबू पिळून.

मी तिथेच कांदा चिरत होतो. सगळं ऐकलं. आणि म्हणालो, "मेधाताई, आमच्या मुक्ताला कुठलंही पातेलं द्या, फक्त घासायला सांगू नका."

मेधाताई हसल्या. मी हसलो. मुलांना ग्रीक शिकवणाऱ्या बाई, फ्राउ केलर, त्यांना मराठी येत नाही, पण सगळे हसतायत म्हणून त्याही हसल्या. मुक्ता हसली नाही. तिला मराठी सगळं कळतं, फक्त उत्तर ती जर्मनमध्ये देते. त्या दिवशी तेही दिलं नाही. पलीकडच्या पातेल्यापाशी गेली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

आम्ही जर्मनीतल्या वाल्डॉर्फ गावाहून आलो होतो. मुलांची शाळेची सहल, ग्रीसला, समुद्राकाठच्या एका गावात. सोबत दोन पालक हवे होते. मेधाताईंनी हात वर केला, मी पण केला. मला वाटलं, लेकीबरोबर चार दिवस मिळतील. लेकीला काय वाटलं ते तिने तोंडावर सांगितलं होतं, "बाबा, बिटे, प्लीज, माझ्या मित्रांसमोर विनोद करू नकोस."

मेधाताईंना आमची जात कशी कळली, त्यालाही मीच जबाबदार. त्या एकदा घरी आल्या होत्या. बाथरूम विचारलं. मी बोलण्याच्या नादात डावीकडे सांगितलं, तर त्या माझ्या कामाच्या खोलीत शिरल्या. तिथे भिंतीवर निळ्या सुटातला फोटो आहे. दिवाणखान्यात का नाही लावला, असं माझी आई व्हिडिओवर दर वेळी विचारते. मी म्हणतो, आई, तिथे टीव्ही आहे. परत आल्या तेव्हा मेधाताईंचा चहा गार झाला होता. तो तसाच राहिला. त्यानंतर तिथल्या मराठी मंडळात, फोनवर, गाडीत, सगळीकडे 'तुमच्यात'. तुमच्यात गौरी असतात का? तुमच्यात मुलीही खूप शिकतात हल्ली, नाही? आवाज नेहमी हळू. जणू माझा एखादा आजार सांभाळून घेतायत.

आणि मी दर वेळी विनोद केला. मला येतो. लहानपणापासून येतो. आमची शाळेची सहल वेरूळला गेली होती. जेवायच्या वेळी गुरुजी म्हणाले, "तुम्ही पोरं तिकडं त्या झाडाखाली बसा." तुम्ही म्हणजे कोण, ते सांगावं लागलं नाही. आम्ही उठलो. मी पोरांना म्हणालो, बघा, आपल्याला सावली, ते बसले उन्हात. पोरं हसली. मला फार बरं वाटलं. तेव्हापासून मी गमत्या माणूस. मंडळाच्या गणपतीत सूत्रसंचालन माझंच. लोक म्हणतात, तुम्ही आलात की वातावरण कसं हलकं होतं. होतं. त्यांचं होतं.

त्या रात्री मुक्ता माझ्या टेबलावर जेवायला बसली नाही. भात तिने पलीकडच्याच पातेल्यातला घेतला. त्यात आधी कुणीतरी सॉसेज उकडले होते. ते कळल्यावर मुक्ता भात सोडून नुसता पाव खाऊन उठली. ते मी पाहिलं. उठून गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी एपिडॉरसचं जुनं नाट्यगृह. डोंगराच्या उतारावर दगडी पायऱ्या, अर्धगोल, खाली मधोमध एक गोल दगड. त्यावर उभं राहून बोललं की पार वरपर्यंत ऐकू जातं. मी सगळ्यात वर जाऊन बसलो, धापा टाकत. फ्राउ केलर म्हणाल्या, प्रत्येकाने खाली उभं राहून एक वाक्य बोलायचं, आपापल्या घरच्या भाषेत. कुणी तुर्की बोललं, कुणी पोलिश. ईशानने मराठी सोडून रामरक्षेच्या दोन ओळी म्हटल्या. छान म्हटल्या. मेधाताईंनी व्हिडिओ घेतला.

मग मुक्ता. दगडावर उभी राहिली. वर माझ्याकडे बघितलं. आणि मराठीत बोलली. अडखळत, पण एकेक शब्द स्वच्छ.

"बाबा, काल तू का हसलास?"

वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कविता असेल.

तिथे बसलेल्यांत ते कळलेले आम्ही तिघेच. मेधाताईंनी फोन खाली घेतला. ईशान बुटाची लेस बांधायला लागला. आणि मी. माझ्याकडे त्या क्षणी एक विनोद तयार होता. खोटं कशाला सांगू, चांगला होता. जिभेवर आला होता.

तो गिळला. पायऱ्या उतरायला लागलो. फ्राउ केलर म्हणाल्या, "आल्झो, चला, आता पालकसुद्धा." मुक्ता बाजूला झाली. मी दगडावर उभा राहिलो आणि जर्मनमध्ये बोललो, सगळ्यांना कळावं म्हणून. माझं जर्मन ऑफिसातलं आहे, त्यात दुःखाचे शब्द कमी आहेत.

म्हणालो, "काल स्वयंपाकघरात माझ्या मुलीला एका पातेल्यापासून दूर केलं. ती मांस खाते म्हणून नाही. ती खात नाही, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. आमच्या देशात आमची जात खालची मानतात, म्हणून. मला ते कळलं होतं. तरी मी हसलो. भीती वाटली, म्हणून हसलो."

टाळ्या नाहीत. बरं झालं.

बसपाशी मेधाताई आल्या. डोळे लाल. "अहो, परक्या लोकांसमोर कशाला? आपल्यातलं आपल्यात बोलायचं असतं."

मी म्हणालो, "मेधाताई, तुमच्या 'आपल्यात' मी कधी होतो?"

संध्याकाळी सगळी मुलं समुद्रात होती. मुक्ता ओली होऊन आली, माझ्या शेजारी वाळूत बसली. मला वाटलं, आता ही हात धरेल. तिने टॉवेल ओढून घेतला. "श्पेट, बाबा," ती म्हणाली. उशीर केलास. मी म्हणालो, गेनाऊ. अगदी बरोबर.

घरी आल्यावर मंडळाच्या अण्णांचा फोन. अण्णा आमचे अध्यक्ष, माणूस गोड. "अहो, मेधाताई फार दुखावल्यात. मुलांच्या सहलीत तमाशा झाला म्हणतात. तुम्ही एवढे मोकळे गृहस्थ. एक छोटा फोन करा, सॉरी म्हणा, गणपती तोंडावर आलाय. सूत्रसंचालन तुम्हीच करायचंय."

मुक्ता समोर बसून गृहपाठ करत होती. पेन थांबलं होतं.

"नाही, अण्णा," मी म्हणालो. "सॉरी म्हणणार नाही. सूत्रसंचालन करणार नाही. आणि कार्यक्रमाला येणार, सहकुटुंब. पंगतीत मधोमध बसणार. तिथे कुणी मला 'तुमच्यात' म्हणून हळू आवाजात काही विचारलं, तर माझी जात मी माइकवरून सांगेन, आणि विचारणाऱ्याचं नावही."

अण्णा बराच वेळ गप्प होते. मीही गप्प राहिलो. ती शांतता हलकी करायचं काम आता माझं नाही.